मे महिन्याचा डबा

माझ्या मामांना परदेशातलं एकच शहर माहीत होतं, आणि तेही त्यांनी खिशांतून पाहिलेलं होतं. दुसऱ्यांच्या खिशांतून.

गैरसमज नको. मामा खिसेकापू नाहीत, त्यांचं गरम कोट भाड्याने द्यायचं दुकान आहे. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा पाचवरून दोनवर आणायचा, एवढीच. अशा ठिकाणी लोकरीचा जाडजूड ओव्हरकोट विकत घेऊन कपाटात कसरीला कोण घालणार? पण लोक थंड मुलखात फिरायला जातात, तिथे आठ-दहा दिवसांपुरता कोट लागतो, आणि मग ते मामांच्या पायऱ्या चढतात. सगळी गल्ली त्यांना कोटमामा म्हणते. पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारतो, आणि बँकेत कुणी त्यांचं खरं नाव पुकारलं तर मामा शेजारच्या माणसाकडे बघतात.

दुकान अरुंद आणि लांबलचक. आत शिरलं की दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या, दांड्यांवर खांद्याला खांदा लावून कोट, आणि मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. पुढे लाकडी काउंटर. पार मागे खिडकी, खिडकीशी मामीची खुर्ची, खुर्चीशेजारी रिळांचा ट्रे आणि बटणांच्या बरण्या. उसवलेलं अस्तर, सुटलेली टीप, तुटलेलं बटण, हे सगळं मामीचं खातं. राहायचं घर दुकानाच्या डोक्यावर. माझी आई म्हणजे मामांची धाकटी बहीण दिवसभर नोकरीवर असायची, त्यामुळे मी या कोटांमागे लपाछपी खेळतच मोठी झाले. माझ्या अंगाला कोटांतल्या डांबरगोळ्यांचा इतका वास यायचा की शाळेत मुली मला डांबरगोळी म्हणायच्या.

आता ही डांबरगोळी शेजारच्या गाळ्यात सहलींचं बुकिंग करते. दोन गाळ्यांच्या मधल्या भिंतीत दार आहे. मी गिऱ्हाईक पाठवते, मामा त्याला कोट चढवतात. मला स्वतःला विमानात बसलं की ते हलायच्या आधीच मळमळायला लागतं, म्हणून मी खुर्चीत बसूनच लोकांना जगभर धाडते. 'आमच्या भाचीने अख्खं जग विकलं, घेतलं मात्र काहीच नाही,' हा मामांचा आवडता विनोद. तो मी निदान हजारदा ऐकला असेन.

आमच्या कंपनीची सगळ्यात खपणारी सहल युरोपातल्या एका जुन्या शहराची. नदी, नदीवर मोठा दगडी पूल, पुलाच्या टोकाला मनोरा, मागे चढत गेलेल्या फरसबंद गल्ल्या. त्या शहराचं नाव असं जोडाक्षरी की दहा गिऱ्हाइकं ते बारा तऱ्हांनी घेतात. मामांनी फार वर्षांपूर्वी तो घोळ मिटवून टाकला. ते त्याला पुलाचं गाव म्हणतात, आणि आता माझ्या टेबलाशी येणारे लोकही तेच म्हणतात.

पुलाच्या गावी जायला चांगला महिना कुठला? हे विचारल्याशिवाय कुणी पैसे भरत नाही. माझ्याकडे कंपनीने दिलेला छापील तक्ता आहे. तापमान किती, पाऊस किती, गर्दी कधी, दिवस केवढा मोठा, सगळं त्यात आहे. मी तो वाचून दाखवते. लोक मान डोलावतात, आभार मानतात, आणि मधल्या दारातून मामांना विचारायला जातात. मला याचा पूर्वी राग यायचा. अजूनही येतो.

मामांकडे तक्ता नाही. परत आलेला कोट ते काउंटरवर उताणा पसरतात आणि डॉक्टर पेशंटला तपासतात तसा तपासतात: आधी कॉलर, मग खांदे, बाह्या, खालचा घेर आणि शेवटी खिसे. माणसं सहलीबद्दल हव्या तेवढ्या थापा मारतात, पण कोटाला थाप मारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जानेवारीच्या कोटाच्या घेराला पांढरी रेघ असते, कारण तिथे बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. फेब्रुवारीच्या खिशात नुसते चुरगळलेले रुमाल. मार्चमध्ये एकच खांदा भिजलेला, म्हणजे दोघांत एक छत्री. एप्रिलमध्ये एका खिशात हातमोजे आणि दुसऱ्यात काळा चष्मा. 'या महिन्याला स्वतःलाच कळत नाही आपण कोण ते,' असं मामा म्हणतात. ऑक्टोबरात तिथल्या झाडांच्या गुळगुळीत तपकिरी बिया, डिसेंबरात बाहीवर मेणाचे थेंब आणि खिशात संत्र्याची सालं.

आणि नोव्हेंबर. नोव्हेंबर म्हणजे मामांचा जीव की प्राण. त्या महिन्यात तिथे धुकं असतं आणि गारठा असतो, त्यामुळे माणूस दर दहा पावलांवर कुठेतरी आत शिरतो. संग्रहालयात शिरतो, कॉफीच्या दुकानात शिरतो, ट्राममध्ये चढतो. आणि जिथे शिरतो तिथलं काहीतरी खिशात घेऊन बाहेर पडतो. तिकिटं, साखरेच्या पुड्या, वाळलेली पानं, कुणीतरी कागदी रुमालावर काढून दिलेला रस्त्याचा नकाशा. नोव्हेंबरचे कोट परत येतात तेच मुळी पोट सुटल्यासारखे.

'जेवढा खिसा भरलेला, तेवढी सहल भरलेली,' मामा गिऱ्हाइकाला सांगायचे. 'डोळे मिटून नोव्हेंबरात जा.'

खिसे रिकामे करायचं काम मामीचं. कामाची वस्तू निघाली तर ती फोन करून परत देते. बाकीचं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जातं. खिडकीवरच्या फळीवर असे डबे ओळीने आहेत, प्रत्येकावर महिन्याची चिठ्ठी. नोव्हेंबरचे दोन झालेत. जून, जुलै, ऑगस्टला कोट कुणी नेतच नाही, म्हणून त्या डब्यांत मामीचे खडू, टाचण्या आणि जुनी बक्कलं. आणि मेचा डबा रिकामा. अगदी रिकामा, वाजवला तर ढण्ण वाजेल असा. मेमध्ये एखादं भित्रं गिऱ्हाईक कोट घेऊन जातं, पण तो न घालताच परत आणतं. मामीने अस्तराला टाचलेली नंबराची चिठ्ठी, तिची टाचणीसुद्धा, होती तिथेच असते. मामांना तो अपमान वाटतो.

'ताट वाढून ठेवलं आणि पाहुणा न जेवताच उठला,' असं म्हणून ते तो कोट दांडीवर अडकवायचे. 'हा काय महिना झाला?'

दुकानात दोन कोट कधीच भाड्याने जात नाहीत. एक काळा, लांब, मखमली कॉलरचा, तो मामांचा. दुसरा तपकिरी, त्याला मामीने स्वतः केशरी अस्तर लावलंय, तो मामीचा. कुठल्यातरी नोव्हेंबरात हे दोघं ते कोट घालून त्या पुलावर उभे राहणार, हे मी लहान होते तेव्हापासून ऐकत आलेय. दर वर्षी कोटांचा मोसम यायचा, दुकान तुडुंब भरायचं, आणि पूल पुढच्या वर्षावर जायचा. तीस वर्षं तो पुढच्या वर्षावर जात होता.

यंदा मात्र माझ्यामुळे घोडं गंगेत न्हालं. पुलाच्या गावाच्या सहली मी सगळ्यात जास्त विकल्या म्हणून कंपनीने मला बक्षीस दिलं. दोन माणसांची सहल, जाणं-येणं-राहणं सगळं त्यांच्याकडे. अट एकच, पुढच्या वर्षभरातला कुठलाही महिना निवडा, पण तो शुक्रवारपर्यंत कळवा. एकदा कळवलेला महिना बदलून मिळणार नाही. मला ते पत्र वाचून इतका आनंद झाला की मी मधल्या दारातून धावत गेले आणि कोटांच्या दांडीला धडकले.

'मामा, पुलाच्या गावी जायचंय तुम्हाला. तुम्ही आणि मामी. फुकट. महिना तेवढा—'

'नोव्हेंबर,' मामा म्हणाले. मी वाक्यसुद्धा पूर्ण केलं नव्हतं. मग ते स्टुलावर बसले, उठले, परत बसले, आणि मागे बघून मोठ्याने म्हणाले, 'ऐकलंस का गं? नोव्हेंबर.'

'ऐकलं,' खिडकीतून मामी म्हणाली. 'नोव्हेंबर तर नोव्हेंबर.' तिने हसून मान डोलावली आणि मांडीवरच्या कोटाखाली दोन्ही हात सरकवले.

ते हात कोटाखाली का गेले, हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

गेल्या वर्षापासून मामीच्या बोटांना थंडी सोसत नाही. थंड काहीही हाताला लागलं की बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि बधिर. सुई पडली तरी कळत नाही. मीच तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. 'घाबरण्यासारखं नाही, पण थंडीपासून जपा. कडाक्याच्या थंडीत फार वेळ राहिलात तर जखमा होतील आणि भरणार नाहीत,' असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून मामी फ्रिजमधली बाटली जाड फडक्याने धरून काढते. बारीक काम तिला जमेनासं झालं, म्हणून कोटांची बटणं समोरची शिलाईवाली लावून देते. कोट माझ्या कंपनीच्या पिशवीत घालून मी घेऊन जाते आणि मीच परत आणते. मामांना यातलं काही सांगायचं नाही, असं मला दरडावलेलं. 'त्यांना कळलं तर ते मला हातात सुई धरू देणार नाहीत,' मामी म्हणते, 'आणि सुई सोडून मी खिडकीत बसून काय माशा मोजू?'

पण आता प्रश्न सुईचा नव्हता. मामा वर जेवायला गेल्यावर मी मागे जाऊन तिच्यासमोर उभी राहिले.

'मामी, नोव्हेंबरात तिथे काय थंडी असते ठाऊक आहे? तक्ता दाखवू?'

'तुझा तक्ता तुझ्यापाशी ठेव.'

'डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?'

'हातमोजे घालीन. एकावर एक दोन घालीन. आणि हात खिशात ठेवून फिरीन. खिसे कशाला असतात मग?'

'आठ दिवस हात खिशात? अगं, तू तिथे जाऊन बघणार काय?'

'ते बघतील, मी त्यांच्याकडे बघीन.' तिने मांडीवरचा कोट बाजूला ठेवला. 'हे बघ, तीस वर्षं तो माणूस एकच महिना घोकतोय. आत्ता कुठे तो हातात आलाय, आणि मी म्हणू, माझ्या बोटांसाठी सोडा? मला नाही जमायचं. आणि तू तोंड उघडलंस तर गाठ माझ्याशी आहे.'

मला तिचा राग आला आणि तिचं कौतुकही वाटलं, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडते. पण मामीशी भांडून उपयोग नसतो, म्हणून मी मामांशी भांडायचं ठरवलं.

मंगळवारी मी तक्ता घेऊन काउंटरशी गेले. 'मामा, नोव्हेंबर काही खरा नाही. धुक्यात पूलसुद्धा दिसत नाही म्हणे. मे बघा. झाडं फुललेली, आठ वाजले तरी उजेड, ना गारठा ना उकाडा.'

मामांनी माझ्याकडे दयेने बघितलं. फळीवरचा मेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्या नाकाखाली धरला.

'काय आहे यात?'

'हवा.'

'तीच. तीस वर्षांत एका माणसाला त्या महिन्यातून उचलून आणण्यासारखं काही सापडलं नाही. ना एक तिकीट, ना एक पान. आणि तू मला तिथे पाठवतेयस.'

'कोट घातलाच नाही तर खिशात काय सापडणार? मेमध्ये तुमचा कोट लागत नाही म्हणून तुम्ही त्या महिन्यावर डूख धरलाय. यात शहराचा काय दोष?'

हे जरा जास्तच झालं. मामांनी डब्याचं झाकण लावलं, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि तो जागेवर ठेवला. त्यानंतर दिवसभर ते मला 'मॅडम' म्हणत होते. 'मॅडम, आपला फोन वाजतोय.' 'मॅडम, आपला चहा निवतोय.'

बुधवारी कोट परत करायला एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांचा कोट मी आदल्याच महिन्यात पिशवीतून फिरवून आणला होता. मामांनी नेहमीसारखा तो पसरला. कॉलर झाली, खांदे झाले. वरून दुसऱ्या बटणाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

'ही फुली कुठून आली?' ते म्हणाले.

इथे जरा सांगायला हवं. चार भोकांचं बटण मामी एकाच पद्धतीने लावते. दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी, फुली कधीच नाही. मग बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे, म्हणजे बटणाला मान राहते आणि जाड लोकरीचं काज त्याखाली नीट बसतं. शिलाईवालीला मी शंभरदा सांगितलं होतं, बाई, उभ्या रेघा, फुली नको. पण घाईत तिचा हात तिच्या वळणावर गेला असणार.

'हे बटण कुणी लावलंय?' मामांनी मला विचारलं.

'मला काय विचारता? मी विमानं विकते,' मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

हेडमास्तरांना मामांनी रवाना केलं आणि दांडीवरचा एकेक कोट बाजूला घेऊन बटणं बघायला सुरुवात केली. दोन गिऱ्हाइकं बाकावर ताटकळत बसली, त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. बाकीच्या कोटांवर रेघा उभ्याच होत्या. पण मामा बटण उचलून त्याच्या खाली बघत होते, आणि तिथे तीनऐवजी दोनच वेढे होते. या दांडीवर दोन, त्या दांडीवर दोन. तीन वेढ्यांची बटणं त्यांना सापडली ती थेट गेल्या मोसमाच्या आधीच्या कोटांवर. मी दारात उभी राहून सगळं बघत होते आणि मनातल्या मनात शिलाईवालीचा उद्धार करत होते.

चारच्या चहाला मामी खाली आली. तिने कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजचं दार उघडलं, खांद्यावरचं फडकं घेतलं, फडक्याने बाटली धरली आणि काउंटरवर आणून ठेवली. रोजच ती तसं करते. त्या दिवशी मामांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिल्याचं मी पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले, मग म्हणाले, 'हे गार पाणी बंद करू या. घसा धरतो.' त्यांचा घसा आयुष्यात कधी धरलेला नाही.

गुरुवारी सकाळी मामांनी बाटल्या बाहेर काढून ठेवल्या होत्या आणि फ्रिजचा खटका बंद केला होता. मला मॅडम म्हणणंही बंद झालं होतं. मामी मात्र खिडकीत तपकिरी कोट घेऊन बसली होती, त्याच्या खिशांना आतून जाड लोकरीचं दुहेरी अस्तर लावत. टाके मोठे मोठे होते, तिच्या हाताला जमतील तेवढे.

शुक्रवारी दुपारी मी फोन हातात घेऊन बसले होते. महिना कळवायला तासभर उरला होता. मामा मधल्या दारातून आले आणि ते दार त्यांनी लावून घेतलं. त्या दाराला कडी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

'मे लिही,' ते म्हणाले.

'काय?'

'मे. बहिरी झालीस का?'

'मामा, मे? तो रिकाम्या डब्याचा?'

'तोच.'

'आणि नोव्हेंबर?'

'नोव्हेंबर माझ्याकडे दोन डबे भरून आहे,' मामा म्हणाले. 'माझा बघून झालाय तो.' त्यांनी टेबलावरचा माझा तक्ता उलटा करून ठेवला. 'तू मला काही सांगितलं नाहीस. मी तुला काही विचारलं नाही. तिला काय सांगायचं ते माझं मी बघतो. तू फक्त हो ला हो कर.'

मला रडू आलं. मी तशीच फोनवर मे म्हणून सांगितलं. पलीकडच्या मुलीने विचारलं, 'मॅडम, सर्दी झालीये का?'

मामा 'काय सांगायचं ते बघतो' म्हणाले होते, पण खोटं बोलणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांनी दार उघडलं, तरातरा मागे गेले आणि मामीला म्हणाले, 'मे ठरलाय. नोव्हेंबरात तो पूल दुरुस्तीला काढणार आहेत. सगळा झाकून ठेवणार. आपल्या डांबरगोळीलाच कळलंय आत्ता.'

'हो ना,' मी म्हटलं. 'ताडपत्रीने झाकणार आहेत.'

मामीने सुई खाली ठेवली. तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कानावर हात ठेवायचे तेवढे बाकी ठेवले होते.

'अख्खा पूल ताडपत्रीने?' ती म्हणाली. 'भिजेल म्हणून?'

'मोठी दुरुस्ती आहे,' मामा म्हणाले.

'तीस वर्षं गल्लीभर नोव्हेंबर नोव्हेंबर करत फिरलात आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मे?'

'माणसाने मत बदलू नये का?'

'बदलावं ना. पण तीस वर्षांनी, तेही शुक्रवारी दुपारी? आणि या कोटांचं काय? मी खिशांना अस्तर लावलंय.'

'कोट नेऊ या. दुकानाची अब्रू आहे.'

मामीने आणखी वाद घातला नाही. ती नाक मुरडून खिडकीकडे वळली, पण तिच्या खांद्यांवरून मला कळलं की तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलंय. तिला खरं कारण कळलंय की नाही, हे मात्र कळेना. मी बोलले नव्हते, हे तिला पटवायला मी रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्यामागे फिरत होते.

मेमध्ये ते गेले. दोन्ही कोट घड्या घालून बॅगेत, प्रत्येकाच्या अस्तराला टाचणीने नंबराची चिठ्ठी. नियम तो नियम, असं मामा म्हणाले. मी दोन्ही गाळे सांभाळले, आणि मामांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांचे कोट तपासताना मला पहिल्यांदा कळलं की या कामात वेळ कसा जातो.

परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामांनी दुकान उघडलं. रंग चांगला रापला होता. मामी खिडकीत जाऊन बसली आणि तिने बटणांची बरणी ओढून घेतली. आता बटणं शिलाईवालीकडेच जातात, पण कुठलं बटण कुठल्या कोटाला ते मामी ठरवते, आणि कोटांची पिशवी मामा स्वतः घेऊन जातात, राजरोस. बटणाखाली वेढे तीनच हवेत, असं ते शिलाईवालीला दर वेळी ऐकवतात.

'कसा होता पूल?' मी विचारलं.

'उघडा होता,' मामी म्हणाली. 'ताडपत्री काढली वाटतं त्यांनी.'

मामांनी न ऐकल्यासारखं केलं. मग दोघंही एकदम बोलायला लागले. नदीकाठच्या झाडांना पांढरा बहर होता. लोक गवतावर पाय पसरून बसत होते, म्हातारी माणसंसुद्धा. मनोऱ्याच्या पायऱ्या मामी मामांच्या आधी चढली. कॉफीच्या दुकानांच्या खुर्च्या रस्त्यावर मांडलेल्या असतात, त्यामुळे आत शिरायचं कारणच पडलं नाही, असं मामा म्हणाले, आणि एवढं बोलून स्वतःच थोडे विचारात पडले. मला वाटतं, नोव्हेंबरचे दोन डबे आणि मेचा एक यांचा हिशेब त्यांना तेव्हा कुठे जुळला.

तेवढ्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. मीच आदल्या दिवशी त्यांना मामांकडे यायला सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, 'कोटमामा, पुलाच्या गावी जायला कुठला महिना चांगला?'

मी सवयीने नोव्हेंबरची वाट बघत होते.

'दोघंच जाताय ना?' मामांनी विचारलं. 'मग मेमध्ये जा. कोट लागायचा नाही.'

दोघं आभार मानून कोट न घेता निघून गेली. गिऱ्हाईक असं हाताने घालवलेलं मी त्या दुकानात कधी पाहिलं नव्हतं. मी मामांचा काळा कोट काउंटरवर उताणा पसरला आणि त्यांच्यासारखीच तपासणी चालू केली. कॉलर कोरी. खांदे कोरडे. टाचणी जागच्या जागी. मामीच्या तपकिरी कोटाचंही तेच.

'ताटावरून उठलात की मामा तुम्हीही,' मी म्हटलं.

खिसेही उलटे करून बघितले. काळ्याचे रिकामे, तपकिरीचे रिकामे, ते दुहेरी अस्तर तसंच नवंकोरं. मग मी मामांच्या पँटचे आणि सदऱ्याचे खिसेही त्यांना उलटे करायला लावले. चाव्या आणि चष्म्याचं घर. मी फळीवरचा मेचा डबा काढून त्यांच्यापुढे आपटला.

'आठ दिवस होतात तिथे. एखादं तिकीट आणायचं, एखादं पान आणायचं. एवढ्या वर्षांनी या डब्यात काहीतरी पडलं असतं. एकदाही खिशात हात नाही घातला का?'

मामांनी मागे खिडकीत मामीच्या हातांकडे बघितलं. मामी रिळांच्या ट्रेमध्ये मुद्दामच काहीतरी शोधत होती. त्यांनी डब्याचं झाकण नीट बसवलं आणि डबा फळीवर ठेवायला माझ्या हातात दिला.

'घालणार कसा?' ते म्हणाले. 'हात मोकळा कुठे होता?'